अंगात नवऱ्याचा शर्ट

टोमॅटोची तोडणी ऐन भरात असते तेव्हा संध्याकाळी सहाच्या पुढे माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांचे मी आधी हात बघते, चेहरा नंतर. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की पानादेठाचा हिरवट चीक बोटांना धरतो. दिवसभर तोडणी किंवा बांधणी केली की तो वाळून काळा होतो, नखांच्या कडेला आणि तळव्याच्या रेषांत जाऊन बसतो. साबणाने जात नाही. कच्चा टोमॅटो फोडून चोळला तर थोडा उतरतो, तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मावशी आली. मजुरांच्या पिकअपमधून उतरली ती थेट दुकानात. दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले आणि म्हणाली, “ताई, हे जाईन असं काही द्या. परवा पोरीला बघायला पाव्हणे येणार हायेत. च्याचा कप द्यायला हे हात कसे पुढं करू?”

माझ्या मागच्या फळीवर गोरेपणाच्या क्रीमचे नऊ प्रकार होते. हात मऊ करायचं लोशन होतं. नखं रंगवायच्या पन्नासेक बाटल्या होत्या. तिच्या त्या हातांना उपयोगी पडेल असं काहीच नव्हतं. शेवटी तिनेच आपल्या मनाने गोरेपणाच्या क्रीमची छोटी ट्यूब मागितली. मी दिली, पैसे घेतले. त्या क्रीमने ते डाग जाणार नाहीत हे मला माहीत होतं. ती गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तिला खरे हवे होते हातमोजे. तोडणीला जाताना घालायचे, पातळ, तिच्या हाताच्या मापाचे. शेतीच्या औषधांच्या दुकानात हातमोजे मिळतात, पण ते गड्याच्या पंजाचे. बाईने घातले की बोटांची टोकं रिकामी लोंबतात. टोमॅटो तोडायचा तर देठ चिमटीत धरून हलका पिळा द्यावा लागतो. लोंबत्या मोज्यात ती चिमूट बसत नाही. मग पहिल्याच सरीला बाया मोजे काढून कमरेला खोचतात आणि उघड्या हाताने कामाला लागतात.

माझं दुकान नारायणगाव-जुन्नर रस्त्यावरच्या एका गावात आहे. आमच्याकडे बांगड्या, टिकल्या, पावडरी, पिना विकणाऱ्या दुकानाला ‘कटलरी’ म्हणतात. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वर, डिंभे धरणाच्या अंगाला. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले आणि सासूबाईंनी चालवलेलं हे दुकान हाती घेतलं, त्याला तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत माझ्या दुकानात आलेल्या मालावर सगळ्यात जास्त वेळा छापलेला शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन: लेडीज.

लेडीज रुमाल घ्या. पुरुषांच्या रुमालाच्या निम्माही नसतो. कडेला लेस, कोपऱ्यात फूल. चार वेळा तोंड पुसलं की ओला होतो. बारा-बारा तास उन्हात राबणाऱ्या बाईला घाम कमी येतो, हे कोणी ठरवलं? तिला रुमाल हवा असतो तेव्हा ती मोठा पंचा मागते, नाहीतर गेन्ट्स रुमाल. लेडीज घड्याळ घ्या. तबकडी एवढी बारीक की चाळिशी ओलांडलेल्या बाईला काटे दिसत नाहीत. लेडीज छत्री पर्समध्ये मावते, पण आमच्या सह्याद्रीकडच्या वाऱ्यापावसात एका दिवसात उलटी होते. आहुपे, आंबोली, हातवीजकडच्या बाया ती घेत नाहीत. त्या लांब दांड्याची काळी छत्री नेतात, नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची खोळ पांघरून भात लावतात. लेडीज चपलेचा तळ पातळ, टाच उंच. बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईचा पाय त्यात मुरगळतो.

आणि अशा वस्तू स्वस्त असतात म्हणावं, तर तसंही नाही. गुलाबी दांड्याचं रेझर निळ्या दांड्याच्या रेझरपेक्षा महाग पडतं हे मी माझ्याच बिलबुकात बघितलं आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ साली सुमारे ८०० वस्तूंची तुलना करून अहवाल काढला होता. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या, आणि अंगाला लावायच्या वस्तूंत तो फरक १३ टक्के होता. तिथली कथा आणि माझ्या फळीवरची कथा एकच आहे.

पण माझं मुख्य म्हणणं किमतीचं नाही. मला एका शर्टाबद्दल बोलायचं आहे.

पुणे-नाशिक महामार्गावर सकाळी साडेसातच्या सुमाराला मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात कुठेही उभे राहा. पिकअपच्या हौद्यात दाटीने उभ्या असलेल्या बाया दिसतील. डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ, खाली साडी, आणि साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. नवऱ्याचा जुना, मुलाचा शाळेतला, भावाचा, कोणाचाही. आमच्या भागातल्या शेतमजूर बाईचा हाच गणवेश आहे आणि आता तो इतका सवयीचा झाला आहे की कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

तो शर्ट तिने हौसेने घातलेला नसतो. उसात शिरलं की पात्याच्या कडा दंड कापतात. टोमॅटो, काकडी, भेंडीची लव अंगाला खाजते. कालच फवारलेलं औषध पानावर असतं. ऊन असतं. ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर संपतात आणि साडीतून कंबर उघडी पडते. म्हणून शर्ट. पण तो तिच्या मापाचा कधीच नसतो. खांदे दंडावर उतरतात. बाह्या बोटांवर येतात, दुमडाव्या लागतात, आणि दुमडल्या की कामात पुन्हा सुटतात. खुरपायला उकिडवं बसलं की पुढची झालर चिखलात लोळते. इतक्या बाया इतकी वर्षं एकच कपडा घालताहेत, रोज घालताहेत, विकत घ्यायची त्यांची तयारी आहे. तरी साडीवर घालायचा, बाईच्या मापाचा, शेतात टिकणारा शर्ट शिवून बाजारात आणावा असं एकाही कपडेवाल्याच्या मनात आलं नाही. माझ्या दुकानात दर सहा महिन्यांनी नवी नेलपेंट येते. हा शर्ट तेवीस वर्षांत आला नाही.

त्या शर्टाची आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे खिसा. एकदा मी एका म्हातारीला विचारलं, “आजी, उकाडा किती आहे, आता सावलीत तरी शर्ट काढा की.” ती म्हणाली, “काढला तर मोबाइल कुठं ठेवू?” माझ्या आजीच्या कनवटीला पैसे असायचे. कमरेला चंची असायची, तिला चार कप्पे, दोरी ओढली की तोंड बंद. नऊवारीच्या ओच्यात शेरभर शेंगा मावायच्या. त्या कपड्यात बाईला वस्तू ठेवायला जागा होती. नऊवारी गेली, सहावारी आली, मग ड्रेस आला, लेगिंग आली, आणि दर पायरीला ती जागा कमी होत गेली. आता शाळेत जाणाऱ्या मुलींच्या जीन्सला बाहेरून खिशाची शिवण असते आणि आत बोटही जात नाही. दिवसाची मजुरी, मोबाइल, आधार कार्ड, पिकअपवाल्याने दिलेली चिठ्ठी, डोकेदुखीची गोळी, एवढं सगळं बाई ब्लाउजमध्ये खोचते. घामाने नोटा भिजतात, मोबाइल बंद पडतो. खिसा देताना कपडा करणाऱ्याने असं धरलं की हिच्याकडे ठेवण्यासारखं काही नसणार, आणि असलं तर ते नवऱ्याच्या खिशात असेल. म्हणून आता ती नवऱ्याचा खिसाच अंगात घालून जाते.

गोरेपणाच्या क्रीमविषयी मी जरा जपून बोलते, कारण ते मी विकलं आहे. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात १९७५ साली आलं. माझ्याहून जुनं आहे ते. आधी जाहिरातीत सावळ्या मुलीला त्याने स्थळ मिळायचं, पुढे नोकरी मिळायला लागली. २०२० च्या जुलैत कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. माझ्या गिऱ्हाइकांना त्याची खबर नाही, त्या अजून ‘फेरनलवली’ मागतात. नाव बदललं तरी ट्यूब मागण्यामागची भीती तीच आहे. ऊस खुरपून, कांदा काढून रापलेली बाई आरशात बघून समजते की आपलं काहीतरी बिघडलंय. तिचं काहीच बिघडलेलं नाही. ती उन्हात उभी राहिली म्हणून पुण्या-मुंबईच्या ताटात भाजी गेली. त्या रापलेल्या कातडीला सावलीची, पूर्ण बाहीची, पाण्याची गरज असते. त्यावर तिला रंग बदलायचं औषध विकणं हा मी अपराध मानते.

त्यातही नाव-गाव नसलेल्या डब्यांचं क्रीम मी पूर्ण बंद केलं आहे. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तपासलं तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला, ही बातमी वाचली त्या दिवशी मी फळीवरचे सगळे तसले डबे उतरवले. बायांनो, ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती कोणी फुकट दिली तरी तोंडाला लावू नका.

जुलै २०१७ मला नीट आठवतो, कारण नव्या जीएसटीची यादी समोर ठेवून मी रात्रभर मालाला दर लावत होते. कुंकू, टिकली, सिंदूर, काचेच्या बांगड्या यांवर कर शून्य. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के. एका पानावर हे दोन्ही वाचून मी थांबले. बाईला कुंकवावाचून चालणार नाही हे सरकारला मान्य, आणि पाळीच्या पॅडवाचून चालेल हेही मान्य. देशभर बाया बोलल्या, कोर्टात गेल्या, आणि २०१८ च्या जुलैत तो कर उठला. हे मुद्दाम सांगते, कारण बाया बोलल्या तर यादी बदलते हे मी माझ्या बिलबुकात बघितलं आहे.

ती यादी आणखी एक गोष्ट सांगत होती. बाईच्या वस्तू म्हणजे खरं तर सवाष्णीच्या वस्तू. माझ्या दुकानातला निम्मा माल एका विशिष्ट दिवशी एका बाईसाठी बंद होतो, तिचा नवरा जातो त्या दिवशी. आमच्या वाडीतली एक बाई आहे, पस्तीस-छत्तिसाची. नवरा अपघातात गेला. वर्षभर ती दुकानात आली की पायरीवरच उभी राहायची. मुलीसाठी रिबिनी घ्यायची आणि बांगड्यांच्या कपाटाकडे पाठ करायची. एकदा मी तिला आत बोलावलं, स्टूल दिलं, आणि विचारलं की तुला कुठली टिकली आवडायची. ती रडली नाही. मरून रंगाची, मध्यम, गोल, असं लगेच सांगितलं. जणू वर्षभर उत्तर तोंडात धरून बसली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं म्हटलं. ठराव झाला ते फार चांगलं झालं. पण ठराव पायरीवरच्या बाईला आत बोलावत नाही, ते दुकानदारालाच करावं लागतं. माझ्यासारख्या कटलरीवाल्या बायांनी हे मनावर घ्यावं.

आता अवजारांकडे येते. हे काही माझ्या दुकानात मिळत नाही, तरी बोलणार आहे, आणि सुरुवात एका फोटोपासून करते.

२०२५ च्या नोव्हेंबरात पिंपरखेडचे फोटो देशभर छापून आले. गाव शिरूर तालुक्यातलं, पण जुन्नर वनविभागात मोडतं. बिबट्याच्या भीतीने तिथल्या बाया शेतात जाताना गळ्याला खिळे लावलेला पट्टा बांधून निघाल्या होत्या. मंगळसूत्र आत आणि त्यावर बाहेर टोकं काढलेला पट्टा. तो फोटो बघून मला अन्न गेलं नाही. आयुष्यभर मी बायकांच्या गळ्यात घालायच्या वस्तू विकत आले आहे. त्यांच्या कामाची जागा बघून त्यांच्या गळ्यासाठी आलेली पहिली वस्तू मी पाहिली, ती ही.

बिबट्याला वाकलेलं, बसलेलं माणूस उंचीने जनावरासारखं दिसतं, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे वाकून आणि बसून करायची कामं बायांची: खुरपणी, कांदालावण, भातलावण, शेंगा काढणं. उभ्याने करायची पुरुषांची: औत, फवारणी, ट्रॅक्टर. खुरप्याला मूठभर लांबीचा दांडा आहे, म्हणून बाई जमिनीला लागलेली. तिने उभ्याने तण काढावं असं अवजार असतंच की. सायकल कोळपं असतं, लांब दांड्याची खुरपी असते. पण बाजारात येतं त्याची मूठ आणि उंची गड्याच्या मापाची. शेतात राबणाऱ्या भारतीय पुरुष आणि बायांची मापं भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने घेऊन ठेवली आहेत, आणि बाईची सरासरी उंची पुरुषापेक्षा बारा-एक सेंटिमीटरने कमी भरते. पाठीवरच्या फवारणी पंपाचे पट्टे, कोळप्याची मूठ, गमबुटाचा नंबर, सगळीकडे हे बारा सेंटिमीटर बाईच्या कमरेतून आणि खांद्यातून वसूल होतात.

याचा अभ्यास झालेला नाही असं कोणी म्हणू नये. शेतकरी बायांसाठी भुवनेश्वरला १९९६ पासून केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात बायांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. आमच्या नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे. अडतं ते पुढे. संस्थेत झालेलं अवजार तालुक्याच्या दुकानात येत नाही, कारण दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक नाही, कारण अवजार विकत घ्यायचे पैसे ज्याच्या खिशात आहेत तो ते वापरणार नाही. अवजारांच्या सरकारी योजनेत बाई शेतकऱ्याला ५० टक्के अनुदान आहे आणि सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला ४०. चांगली योजना आहे. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातली जेमतेम १४ टक्के वहिती खाती बायकांच्या नावावर निघाली. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला अनुदान नाही, आणि ज्यांचं नाव लागलेलं आहे त्यातल्या कित्येकींच्या नावावर आलेलं यंत्र गडीमाणूसच वापरतो. शेतमजूर बाईला तर सातबाराच नाही. तिला खुरपं स्वतःचं आणावं लागतं, विळा स्वतःचा, आणि शर्ट नवऱ्याचा.

बाईसाठी म्हणून केलेली प्रत्येक वस्तू वाईट असते असं मी मानत नाही. मी स्वतः गिअर नसलेल्या स्कूटरवर आळेफाट्यापर्यंत जाऊन माल आणते. पुण्याच्या फिरोदियांची लूना १९७२ ला आली, कायनेटिक होंडा १९८४ ला, मग स्कूटी आली. बटणावर सुरू होणारी, पाय टाकून न बसता चालवता येणारी, पुढे पायाशी मोकळी जागा असलेली. साडी नेसून चालवता येते. त्या पायाशी मी बांगड्यांची खोकी ठेवते, माझी जाऊ पेंडीचं पोतं ठेवते, शेजारीण दुधाची किटली. बाई काय नेते, काय नेसते, कशी बसते हे कोणीतरी नीट बघितल्याशिवाय ती जागा झालेली नाही. त्या गाडीने आमच्या भागातल्या बायांना दवाखाना, बँक, माहेर जवळ आणलं. मग तीच गाडी गुलाबी केली, आरशाला फुलं लावली आणि दर वाढवला, तेव्हा मात्र माझ्या कोणा मैत्रिणीने ती घेतली नाही.

साजशृंगारालाही माझा विरोध नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्या दिवसांत फडातल्या कलावंत बाया माझ्याकडून काजळ, पावडर, पिना, गजऱ्याचे आकडे नेतात. त्यांच्यासारखी चोखंदळ गिऱ्हाइकं मी बघितली नाहीत. “घामानं ओघळनार न्हाई असं काजळ दे. आठ तास टिकायला पायजे.” ट्यूब उघडून मनगटावर रेघ ओढतात, पाणी लावून चोळतात, मग पैसे देतात. डबीवरच्या नटीच्या फोटोकडे त्या बघतही नाहीत. त्यांना आपलं काम माहीत आहे, कामाला काय लागतं ते माहीत आहे, आणि ते मागायला त्या लाजत नाहीत. मला वाटतं, टोमॅटो तोडणाऱ्या माझ्या मावशीने दुकानात असं उभं राहायला हवं होतं. आणि ती तशी उभी राहावी असं दुकान मी ठेवायला हवं होतं.

जाहिरातींवर देखरेख करणारी मुंबईची परिषद आहे, तिने २०२२ च्या जूनमध्ये नियम काढले की जाहिरातीत बाई-पुरुषांना ठरीव साच्यात दाखवू नये. चांगलं झालं. आता जाहिरातीत नवरा कपडे धुतो, वडील भाकरी करतात. पण मला जाहिरातीपेक्षा पुडक्याच्या आतल्या मालाची चिंता जास्त आहे. जाहिरातीत बाई ट्रॅक्टरवर बसली आणि ट्रॅक्टरच्या क्लचपर्यंत तिचा पाय पोचला नाही, तर त्या जाहिरातीचा तिला काय उपयोग?

गेल्या संक्रांतीच्या आधी मी दोन कामं केली. आमच्या कटलरीचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाचं वाण डझनांनी जातं: चहाची गाळणी, चमचे, टिकल्यांची पाकिटं, छोटे आरसे, प्लास्टिकच्या वाट्या. सगळं एक तर स्वयंपाकघराचं, नाहीतर आरशापुढचं. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या अकरा जणी वाण ठरवायला आल्या. मी त्यांना म्हटलं, यंदा हातमोजे लुटा. आधी हसल्या, मग एक म्हणाली, “मापाचे असतील तर चालतील.” मी पुण्याला गेले, बोहरी आळीत तीन दुकानं फिरले, आणि सात नंबरचे हातमोजे आणले. तळव्याला रबर, पाठीला कापड, म्हणजे हाताला घाम कमी येतो. जोडी ३५ रुपयांना पडली. अकरा डझन जोड्या गेल्या. पायरीवर उभी राहायची ती बाईही त्या हळदीकुंकवाला आली, तिलाही वाण दिलं.

दुसरं काम शर्टाचं. आमच्या गावच्या शिंप्याला बसवून साडीवर घालायचा शर्ट शिवून घेतला. खांदा बाईचा, मनगटाला इलास्टिक, बाजूला चिरा म्हणजे उकिडवं बसता येतं, आणि पुढे दोन खोल खिसे, त्यातल्या एकाला बटण. पहिल्या शर्टात मोबाइलचा खिसा उजवीकडे घेतला होता. तोडणीच्या बायांनी सांगितलं की कमरेला पाटी उजव्या अंगाला टेकते, खिसा डावीकडे घ्या. घेतला. कापड, शिलाई धरून दोनशे चाळीसला पडतो, तेवढ्यालाच देते.

गेल्या वर्षीची ती मावशी जूनमध्ये परत आली. मुलीचं लग्न ठरलं होतं, बांगड्यांचं माप द्यायला मुलीला घेऊन आली होती. जाताना मी तिच्या हातात मोजे ठेवले. तिने एक घालून बघितला, बोटं मिटली, उघडली, चिमूट करून बघितली आणि विचारलं, “आमच्या पिकअपमधी अठराजणी हाव. तेवढे मिळतीन का?”

माझ्याकडे तेव्हा नऊ जोड्या होत्या. बाकीच्या चार दिवसांनी आणून दिल्या. मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर, आळे, जिथे जिथे तुमची कटलरी असेल, औषधांचं दुकान असेल, कपड्यांचं दुकान असेल, तिथे पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा: सात नंबरचे हातमोजे आहेत का, पाच नंबरचे गमबूट आहेत का, खिसा असलेला शर्ट आहे का? नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन विचारा. मी दुकानदार आहे, म्हणून सांगते. एकच वस्तू पाच जणींनी मागितली की सहाव्या वेळी आम्ही ती आणून ठेवतो.